जुनी पिकअप ठेवावी कीं बदलावी?

दुरुस्तीचें मोठें बिल हातीं पडतांच जुनी, भरंवशाची पिकअपही मालकास नकोशी वाटूं लागते. परंतु एका बिलावरून निर्णय करणें योग्य नव्हे. समजा, नवी गाडी ९ लाखांस घेतली व १० वर्षांनीं २ लाखांस विकली, तर व्याज वगळूनही वर्षास ७०,००० रुपये झिजतात. जुन्या गाडीची वार्षिक दुरुस्ती याहून कमी असेल, तर ती ठेवणेंच शहाणपणाचें. नारायणगांवाहून कल्याणास टोमॅटो नेतांना ती माळशेज घाटांत अडली, तर नासलेला मालही दुरुस्तीच्याच खात्यांत मांडला पाहिजे. आठ वर्षांनंतर मालवाहू गाडीचें पासिंग दरवर्षीं करावें लागतें. तेव्हां चासी नीट पाहून घ्यावी. इंजिन पुन्हा बांधतां येतें. कुजलेल्या चासीवर भार लादणें मात्र चालकाच्या जिवाशीं खेळणें होय.