‘तिला पैशातलं काही कळत नाही’

बचत गटातली एखादी बाई वर्षानुवर्षं न चुकता बचत भरते, पण कर्ज कधी उचलत नाही. शिलाई मशीनसाठी कर्ज मंजूर झालं तरी ऐन वेळी “नको ताई, राहू दे” म्हणते. दुसरी बँकेत पैसे असतानाही दोन हजारांसाठी गल्लीतल्या सावकाराकडून शेकडा पाचाच्या व्याजानं उचल घेते. तिसरी जास्त पगाराची नोकरी सोडून घरामागच्या दुकानात निम्म्या पैशांवर राबते. तिघींबद्दल लोक एकच बोलतात: हिला पैशातलं काही कळत नाही.

असं बोलण्याआधी त्या घरात काय चाललंय ते पाहायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रात १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी साधारण चौघींतल्या एकीनं नवऱ्याकडून हिंसा सोसलेली आहे. देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी चौघींतल्या तिघींनी ना कुणाकडे मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. म्हणजे आपण ज्यांच्या व्यवहाराला नावं ठेवतो, त्यांतल्या कितीजणी कशाच्या धाकाखाली आहेत हे आपल्याला माहीतच नसतं.

‘हात उचलत नाही ना, मग हिंसा कसली?’

कायदा असं म्हणत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३ मध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक छळाच्या बरोबरीनं आर्थिक छळही आहे. घरखर्चाला पैसे न देणं, तिचं स्त्रीधन बळकावणं, घरातल्या वस्तू परस्पर विकून टाकणं, ज्या गोष्टी वापरायचा तिला हक्क आहे त्या वापरू न देणं, हे सगळं त्यात येतं. ‘नवरा-बायकोच्या पैशाचा मामला’ म्हणून पोलीस किंवा नातेवाईक हात झटकतात तेव्हा ते चूक करतात.

‘कमावती झाली की आपोआप थांबेल’

हा सगळ्यात लाडका गैरसमज आहे. चांगल्या मनाची माणसंही तो बाळगतात, म्हणून त्यावर जरा थांबू.

कुटुंब आरोग्य पाहणीच्या आकडेवारीत रोख मोबदल्यावर काम करणाऱ्या बायकांमध्ये हिंसेचं प्रमाण न कमावणाऱ्या बायकांपेक्षा जास्त दिसतं. याचा अर्थ कमाईमुळे मार बसतो असा सरसकट काढता येणार नाही. ज्या घरात ओढग्रस्त आहे तिथल्याच बायका जास्त करून मजुरीला जातात. पण बाईच्या हातात पैसा आला की काही घरांत पुरुषाचा धाक सैल होण्याऐवजी आवळतो, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणालाही विचारा. कामावर निघायच्या वेळीच भांडण काढायचं, फॅक्टरीच्या गेटवर जाऊन तमाशा करायचा, पगाराच्या दिवशी बाहेर उभं राहायचं. शेवटी ती स्वतःच काम सोडते, आणि सोडणं तिचाच ‘निर्णय’ ठरतं.

मग फरक कशानं पडतो? प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांचा केरळमधल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्याचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे पाचशे घरांतल्या विवाहित स्त्रियांशी बोलून तो केलेला होता. जिच्या नावावर घरही नव्हतं आणि जमीनही नव्हती, अशा स्त्रियांपैकी ४९ टक्के स्त्रियांनी शारीरिक हिंसा सोसली होती. दोन्ही नावावर असलेल्यांमध्ये हे प्रमाण ७ टक्के होतं. मजुरी दर महिन्याला हिसकावता येते, छप्पर तितक्या सहज हिसकावता येत नाही. जायला जागा आहे हे दोघांनाही माहीत असलं की घरातलं बोलणं बदलतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’च्या मोहिमेत शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला सांगितलं, त्यामागची समज हीच होती.

‘खातं तिच्या नावावर आहे, म्हणजे पैसे तिचेच’

मध्य प्रदेशच्या उत्तर भागात झालेल्या एका प्रयोगात रोजगार हमीची मजुरी थेट बायकांच्या स्वतंत्र खात्यात जमा केली आणि खातं कसं वापरायचं हेही शिकवलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या बायका जास्त काम करू लागल्या, रोजगार हमीवर आणि बाहेरही. म्हणजे खात्याला अर्थ आहेच. पण त्याचा ताबा तिच्याकडे असला तरच.

‘लाडकी बहीण’चे दरमहा १५०० रुपये तिच्याच आधार-जोडलेल्या खात्यात येतात. पण एटीएम कार्ड कुणाच्या पाकिटात आहे? पिन कुणाला पाठ आहे? बँकेचा मेसेज कुणाच्या मोबाईलवर वाजतो? मुद्रांक शुल्कात एक टक्का वाचतो म्हणून फ्लॅट बायकोच्या नावावर होतो, आणि कागद कपाटाच्या ज्या खणात जातात त्याची किल्ली तिच्याकडे नसते. सर्वांत वाईट प्रकार कर्जाचा. मायक्रोफायनान्सच्या कागदावर सही तिची, पैसे त्याच्या हातात, आणि हप्ता चुकला की सगळा गट तिच्या दारात.

गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर संपत्ती दोघांची समाईक असते आणि घर-जमीन विकायला दोघांची संमती लागते. तरतूद फार मोलाची आहे. मात्र धाकानं घेतलेली सही कागदावर इतर सह्यांसारखीच दिसते.

‘तिला पैशातलं कळत नाही’

आता त्या तिघींकडे वळू. कर्ज नाकारणारीला माहीत असतं की पैसे घरी पोचताच जातील किंवा मशीन आलं तरी महिनाभरात विकलं जाईल, हप्ते मात्र आपल्यालाच फेडायचेत. सावकाराकडे जाणारीच्या बँक खात्याला नंबर नवऱ्याचा जोडलेला आहे. पैसे काढले की त्याला मेसेज जातो आणि रात्री हिशेब मागितला जातो. शेकडा पाचाचं व्याज ती त्या रात्रीपासून सुटण्यासाठी भरते. नोकरी सोडणारीला घरी पोचायला साडेआठ वाजायचे आणि साडेआठचा अर्थ तिला ठाऊक होता.

तिघींचा हिशेब पक्का आहे. बाहेरून बघणाऱ्याला फक्त त्यातली एक रक्कम दिसत नाही, ती म्हणजे माराची.

धाकात घेतलेल्या निर्णयांची काही लक्षणं असतात. लपवता येईल तेवढीच बचत केली जाते. भिशी, डाळीच्या डब्यातल्या नोटा, माहेरी ठेवलेली अंगठी. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा कितीतरी बायकांना अशी शिल्लक नवऱ्यासमोर काढून ठेवावी लागली. लांबचा विचार टाळला जातो, कारण पुढच्या आठवड्याचीच खात्री नसते. आणि विचारलं की भांडण होतं म्हणून विचारणंच बंद होतं. पुढे पुढे तिला स्वतःलाही वाटू लागतं की आपल्याला यातलं कळत नाही. हे सर्वांत मोठं नुकसान, आणि ते कुठल्याच पासबुकात दिसत नाही.

‘घर सोडलं की सगळं गेलं’

या भीतीपोटी असंख्य जणी थांबतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. राहत्या घरात राहण्याचा तिचा हक्क कायद्यानं मान्य केलाय. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तेवढ्यावरून तो हक्क नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं. स्त्रीधन सर्वस्वी तिचं आहे. ते परत करायचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात, नवऱ्याला खाती आणि लॉकर वापरण्यापासून रोखू शकतात, बुडालेल्या मजुरीची भरपाईही देववू शकतात. ती कमावती आहे एवढ्याच कारणावरून पोटगी नाकारता येत नाही. खटले रेंगाळतात हे खरं, पण अंतरिम आदेश मागता येतो. वकिलाची फी परवडत नाही ही अडचणही नसावी: विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

बँकेत काउंटरवर बसणाऱ्यांना, गटाच्या अध्यक्षांना आणि माहेरच्या माणसांना एक विनंती आहे. एखादीचा व्यवहार विचित्र वाटला तर तिला पैशाचे धडे देऊ नका. नवरा सोबत नसताना विचारा: मेसेज कुणाच्या फोनवर जातो? कागद कुठे आहेत? तिची इच्छा असेल तर नंबर बदलून द्या, कागदांची एक प्रत तुमच्याकडे ठेवा, आणि १८१ ही हेल्पलाइन तोंडी सांगा. चिठ्ठीवर लिहून देऊ नका, चिठ्ठी सापडते.