विलंबाची किंमत

२०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनातून उठलेल्या अनेकांना म्युकरमायकोसिसने, म्हणजे ‘काळ्या बुरशी’ने गाठले. तेव्हा चर्चा झाली ती मुख्यतः अँफोटेरिसिन-बी या इंजेक्शनच्या टंचाईची. मे महिन्यात वर्ध्यात त्याचे उत्पादन सुरू झाले. ७,००० रुपयांचे इंजेक्शन १,२०० रुपयांत मिळेल, असे जाहीर झाले. जूनमध्ये त्यावरील वस्तू व सेवा करही शून्यावर आला.

हे इष्टच झाले. परंतु या रोगात सर्वांत महाग पडतो तो विलंब. ही बुरशी नाकालगतच्या पोकळ्यांतून डोळ्याच्या खोबणीत शिरते, रक्तवाहिन्या बंद पाडते आणि रक्ताअभावी मांस मरून काळे पडते. मेलेल्या मांसात औषध नीट पोचत नाही. म्हणून ते शस्त्रक्रियेने काढावे लागते, प्रसंगी डोळ्यासह.

कोरोना ओसरला, तरी या बुरशीचा जुना आश्रयदाता, अनियंत्रित मधुमेह, कायम आहे. चेहऱ्याच्या एका बाजूस सूज वा बधिरता, डोळ्यामागे वेदना, पापणी पडणे, एकाचे दोन दिसणे, नाकातून काळसर स्राव, यांपैकी काही दिसताच मधुमेही व्यक्तीने त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

नांदगाव पेठेहून अमरावतीचे इर्विन रुग्णालय दूर नाही. मजुराला दूर वाटते ते बुडणाऱ्या रोजामुळे. रोज वाचवून डोळा गमावणे हा तोट्याचाच व्यवहार होय. हे समजावणे शिक्षकांचे काम. तो रोज भरून देण्याची तजवीज मात्र शासनानेच करावयास हवी.