तक्तपोशीखालून उतरलेल्या हंड्या

हंडी म्हणजे तीन साखळ्यांनी छताला टांगलेला, वरून उघडा असा काचेचा दिवा. आतल्या पेल्यात तळाशी पाणी, पाण्यावर तेल आणि तेलात वात. तेल सरले की वात पाण्याला टेकून विझे, त्यामुळे काच तडकत नसे. वर उलट्या बशीसारखी काचेची टोपी असे. काजळी तिच्यावर धरे आणि तक्तपोशी स्वच्छ राहत असे.

महाराष्ट्रातल्या वाड्यांत अशा हंड्या आणि झुंबरे प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात आली. बेल्जियम, बोहेमिया आणि इंग्लंडची काच बोटीने येई. बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीने तर कोलकात्यात दुकानच थाटले होते. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यातील प्रचंड झुंबरांची जोडी त्याच शतकातली. ती टांगण्याआधी छताची ताकद अजमावायला वर हत्ती चढवले, असे सांगतात. विसाव्या शतकात तळेगावचा पैसा फंड काच कारखाना उभा राहिला, पुढे ओगल्यांचा कारखाना निघाला आणि प्रभाकर कंदील घरोघरी पोहोचला. मग वीज आली. हंड्या शोभेपुरत्या उरल्या, सणावारी पुसल्या जाऊ लागल्या. पुढच्या काही दशकांत सांगण्यासारखे फारसे घडले नाही. अपवाद 12 जुलै 1961 चा. पानशेतच्या पुरात पुण्याच्या नदीकाठचे कित्येक वाडे बसले आणि त्यांच्याबरोबर आतली काचही गेली.

खरी वाताहत झाली ती 1990 नंतरच्या दशकात. घरोघर फिरून दिवे, अडकित्ते, कुलुपे गोळा करणारे आणि तो सारा संग्रह 1975 साली राज्य शासनाला देणारे दिनकर केळकर 1990 मध्येच गेले. इकडे 1947 च्या भाडे कायद्याने भाडी गोठलेली, मालकाला डागडुजी परवडत नव्हती आणि बांधकाम व्यावसायिक दारात उभा होता. वाडे एकामागून एक उतरले. भावाभावांत वाटण्या होताना जोडीतल्या हंड्या दोघांकडे गेल्या आणि तिथेच जोडी फुटली. उरलेला माल पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर पोहोचला. तीन मोडक्या झुंबरांचे लोलक एकत्र करून चौथे 'अस्सल' झुंबर उभे राही. हॉटेलवाले लामणदिवे घाऊक भावाने नेत आणि तेलाचा थेंबही न घालता प्रवेशद्वारी टांगत. दिवा कोणत्या वाड्यातला, कोणत्या दालनातला, याची चिठ्ठीसुद्धा कोणी सोबत ठेवली नाही. हा दोष एकट्या दुकानदारांचा नाही. विकणाऱ्या सुशिक्षित घरांचाही तेवढाच आहे. 1972 चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांवरील वस्तू देशाबाहेर जाऊ देत नाही, पण देशातल्या देशात संच फुटण्याला त्याचा अटकाव नव्हता.

आज त्याच हंड्यांच्या नकला दुकानोदुकानी टांगलेल्या दिसतात. लोखंडावर सोनेरी मुलामा चढवून पितळ म्हणून विकतात. चुंबक लावला की खोटेपणा उघडा पडतो. फुंकून घडवलेल्या जुन्या काचेत बारीक बुडबुडे असतात, जाडी सगळीकडे सारखी नसते. साच्यातल्या काचेवर जोडाची रेघ बोटाला लागते. रेघ नसली म्हणून वस्तू जुनी ठरत नाही, पण सौदा करण्याआधी बोट फिरवून पाहावे.

अस्सल दिवा हाती आलाच, तर घरसजावटीच्या हौसेत त्याची हानी होऊ नये. वायर घालण्यासाठी काचेला किंवा समईच्या दांड्याला भोक पाडणे हा अक्षम्य अडाणीपणा आहे. वायर साखळीच्या कड्यांतून ओवून आत उतरवता येते. जुनी काच असमान तापली की तडकते, म्हणून कमी तापणारा एलईडी दिवाच बरा. तो 2700 केल्विनच्या आसपासचा, पिवळसर प्रकाशाचा घ्यावा. 6500 केल्विनच्या पांढऱ्याफटक उजेडात रंगीत हंडी निर्जीव दिसते. आजच्या फ्लॅटचे छत जेमतेम नऊ-साडेनऊ फूट उंच असते. खोलीच्या मधोमध हंडी डोक्याला लागते आणि पंख्याच्या वाऱ्याने हेलकावे खाते. तिची जागा जिन्याच्या पोकळीत किंवा जेवणाच्या टेबलावर. हूक फॉल्स सीलिंगच्या पत्र्यात न ठोकता वरच्या स्लॅबमध्ये बसवावा.