ज्या डावानं हरवलं, तोच शिका!

दुसऱ्याच चालीत राजाच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं आमिष म्हणून पुढे करायचं आणि हल्ला चढवायचा, हा 'किंग्ज गॅम्बिट'. १९६० साली अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता स्पर्धेत बोरिस स्पास्कीने तो खेळून बॉबी फिशरला २९ चालींत हरवलं. फिशर तेव्हा १७ वर्षांचा, म्हणजे बारावीतल्या पोराएवढा! त्याने या ओपनिंगचा पार कीस पाडला आणि १९६१मध्ये त्यावरचा उतारा सांगणारा लेखच लिहिला. खरी गंमत पुढेच आहे. अमेरिकेच्या १९६३-६४च्या राष्ट्रीय स्पर्धेत पांढऱ्या मोहऱ्यांनी हाच गॅम्बिट खेळून, घोड्याऐवजी आधी उंट बाहेर काढून, त्याने लॅरी इव्हान्सला हरवलं. एखाद्या पेपरात दांडी उडाली की तो विषयच नकोसा होतो ना? तुम्ही मात्र ते पुस्तक आधी उघडा.