व्यायामाची मात्रा

पैठण रस्त्यावरील चितेगांव हा कारखान्यांचा परिसर. यंत्रापाशीं पडून कामगाराचें कोपर मोडलें, तर कांहीं आठवड्यांनीं हाड सांधतें. हात मात्र तेवढ्यानें कामाचा होत नाहीं. निश्चल राहिलेला सांधा आंखडतो, स्नायु सुकतात, पान्हा फिरवतां येत नाहीं, आणि मजुरी बुडते. तेथून पुढचें काम व्यायामोपचारकाचें, म्हणजे फिजिओथेरपिस्टचें.

तालमींत किती जोर काढले याचा अभिमान; येथें कोपर किती अंश वळलें याचें मोजमाप. औषधाप्रमाणें या व्यायामासही मात्रा असते. कमी पडल्यास सांधा धरलेलाच राहतो, अधिक झाल्यास सुजतो. ओळखीचा मालिशवाला हात जबरीनें ओढतो, तें तर फारच वाईट. अशा ओढाताणीनें कोपराजवळील स्नायूंतच हाड धरूं शकतें!

मुंबईस के. ई. एम. रुग्णालयांत 1952-53 च्या सुमारास या विद्येची शाळा निघाली, ती पोलिओच्या सांथीनंतर. 2021 च्या केंद्रीय कायद्यानें या व्यवसायास स्वतंत्र मान्यता दिली. उपचारकानें दुखापतीपूर्वींच कारखान्यांत यावें, हें अधिक बरें. ओझें अंगाशीं धरून उचललें, तर कण्यावरील ताण कमी होतो. एवढें शिकविण्यास यंत्रसामग्री लागत नाहीं.