दहातले दोन उंदीर कुठे गेले?

रूट कॅनाल करताना डेंटिस्ट दाताभोवती रबराचा पडदा ताणतो आणि औषधी पाण्याने दाताची पोकळी पुन्हा पुन्हा धुतो. हा सगळा खटाटोप जंतूंना बाहेर ठेवण्यासाठी असतो. दाताचा मगज मरतो तो जंतूंमुळेच, याचा निर्णायक पुरावा १९६५ साली काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड या अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी दिला. त्यांच्याकडे २१ उंदीर पूर्णपणे निर्जंतुक वातावरणात वाढवलेले होते आणि १५ साधे. सगळ्यांच्या वरच्या दाढेला भोक पाडून मगज उघडा ठेवला. साध्या उंदरांचा मगज कुजला, मुळाशी गळू झालं. निर्जंतुक उंदरांच्या दाढेत अन्नाचे कण अडकले, तरी मगज जगला आणि जखमेवर डेंटिनचा नवा थर चढला.

मी रूट कॅनालचाच विषय शिकवते. हा प्रयोग दरवर्षी सांगताना त्या ३६ उंदरांचे उपकार मला मनापासून वाटतात. आणि म्हणूनच जर्नल क्लबमध्ये पीजीचे विद्यार्थी प्राण्यांवरचा एखादा नवा पेपर वाचायला घेतात, तेव्हा मी आधी मोजणी करायला लावते. प्रयोगाच्या सुरुवातीला गटात दहा उंदीर असतात आणि निकालाच्या तक्त्यात आठ. मधले दोन भुलीत गेले, की त्यांची दाढ तुटली, की त्यांचा निकाल लेखकाला सोयीचा नव्हता? पेपर गप्प असतो. नवं औषध लावलेल्या गटातलेच दोन उंदीर दगावले असतील, तर तीच त्या अभ्यासातली सर्वांत महत्त्वाची बातमी, आणि तीच आपल्यापर्यंत पोहोचलेली नसते.

दातांच्या प्रयोगांत आणखी एक खोट सर्रास आढळते. उंदराला सोळा दात असतात; त्यांपैकी बारा दाढा. सहा उंदरांच्या प्रत्येकी चार दाढांवर औषध लावायचं आणि ‘२४ नमुने’ असं लिहून गणित मांडायचं. पण एका तोंडातल्या चार दाढांना रक्त एकच, लाळ एकच, प्रतिकारशक्तीही एकच. एकाच माणसाचा ताप चार वेळा मोजला म्हणून चार रोगी तपासले असं होत नाही. आकडा असा फुगला की किरकोळ फरकही ठळक दिसतो आणि औषध गुणकारी ठरतं. गणितात याला उपाय आहे. पण कोणत्या उंदराच्या कोणत्या दाढेला काय लावलं हे पेपरात असेल तरच तो करता येतो.

ही ढिलाई फक्त दंतवैद्यकातली नाही. ब्रिटन आणि अमेरिकेतल्या प्राणी-प्रयोगांच्या २७१ लेखांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. प्राण्यांचे गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निव्वळ योगायोगाने पाडले, असं ८७ टक्के लेखांत कुठेही म्हटलेलं नव्हतं. निकाल तपासणाऱ्याला गट माहीत नव्हता, हेही ८६ टक्क्यांत नव्हतं. सूक्ष्मदर्शकाखाली सूज ‘सौम्य’ की ‘मध्यम’ हे शेवटी माणसाची नजर ठरवते. स्लाइड आपल्याच औषधाची आहे हे ठाऊक असलं, तर ती नजर आपोआप मऊ होते.

या पाहणीनंतर २०१० मध्ये ब्रिटनमधून ‘अराइव्ह’ ही मार्गदर्शक यादी आली. प्राण्यांवरच्या प्रयोगाचा लेख लिहिताना काय काय सांगायलाच हवं, ते तीत आहे. २०२० मध्ये ती सुधारून अत्यावश्यक दहा बाबी वेगळ्या काढल्या गेल्या. रूट कॅनालच्या संशोधनासाठी २०२१ मध्ये ‘प्रायेस’ ही खास यादीही आली.

पण यादी आली म्हणून लिखाण सुधारत नाही. ‘प्लॉस वन’ या नियतकालिकाकडे आलेल्या लेखांपैकी काहींच्या लेखकांकडून अराइव्हची यादी भरून घेतली, बाकीच्यांकडून नाही, आणि मग दोन्ही गटांची तुलना केली. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांत एकही लेख यादीच्या कसोटीला पूर्ण उतरला नाही. लेखक रकान्यात ‘होय, पान ४’ लिहून मोकळा होतो. पान ४ उघडून बघणारा कुणीतरी लागतो. माझ्या मते ते काम संपादकाचं आणि परीक्षकाचं आहे, आणि थीसिसच्या बाबतीत गाईडचं.

दाढ कोरल्यावर उंदराला वेदनाशामक दिलं का, मऊ खाणं दिलं का, त्याचं वजन किती उतरलं, या ओळी अनेकांना फालतू वाटतात. मला त्या फार मोलाच्या वाटतात. दुखऱ्या तोंडाचा उंदीर खात नाही, खंगतो, आणि खंगलेल्या शरीरात हाड नीट भरत नाही. म्हणजे नोंद न केलेली वेदना निकालातही मिसळलेली असते.

आपल्याकडे १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्राण्यांवरचे प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत एथिक्स कमिटी असते. प्रयोगाआधी इतकेच प्राणी का हवेत, याचं कारण तिला द्यावं लागतं. हीच तपासणी शेवटीही व्हायला हवी. किती प्राणी मंजूर झाले, किती वापरले, मधेच किती गेले आणि का, हा हिशेब कमिटीने मागावा आणि छापलेल्या पेपरशी ताडून बघावा. निकाल मनासारखा आला नाही म्हणून पेपर लिहिलाच नसेल, तर हा हिशेब अधिकच आग्रहाने मागावा; नाहीतर दुसऱ्या कुठल्या कॉलेजात तोच प्रयोग पुन्हा नव्या उंदरांवर होईल.