हर्पिसचा रिपोर्ट आणि साक्षगंध

हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचे दोन प्रकार आहेत. पहिला बहुधा लहानपणीच घरातल्या कुणाच्या लाळेतून येतो आणि पुढे तापानंतर ओठाच्या कडेला फोड उठवतो. दुसरा मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो आणि जननेंद्रियांवर फोड आणतो. पहिलाही मुखसंबंधातून तिथे पोहोचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने ५० वर्षांखालील सुमारे ३८० कोटी लोकांत पहिला प्रकार आहे. कमरेभोवती पट्ट्यासारखी उठणारी नागीण मात्र कांजिण्यांच्या विषाणूची. तिचेही वैद्यकीय नाव हर्पिसच असल्याने भलताच घोळ होतो.

अमरावती-अकोल्याकडे अनेक बायकांची या नावाशी पहिली गाठ पडते ती टोर्च तपासणीच्या कागदावर. गर्भ राहिल्यावर किंवा पडल्यावर ही तपासणी लिहून देतात. तिच्यात रुबेलासोबत हर्पिसच्या आयजीएम आणि आयजीजी या दोन प्रतिपिंडांचे आकडे असतात. आयजीएम म्हणजे ताजी लागण, असा सर्वसाधारण समज आहे. हर्पिसच्या बाबतीत तो चुकीचा ठरतो. जुना आजार उलटला तरी आयजीएम वाढते, कधी दुसऱ्याच विषाणूमुळेही पॉझिटिव्ह दिसते, आणि पहिला प्रकार कोणता, दुसरा कोणता, हे ती सांगत नाही. नुसत्या आयजीएमवर घरात भांडण पेटावे, हा त्या बाईवर अन्याय आहे.

आयजीजी अधिक भरवशाची, पण प्रकारानुसार वेगळी केलेली असेल तरच. लागणीनंतर ती दिसायला १२ आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो. दुसऱ्या प्रकाराच्या आयजीजीचा निर्देशांक ३ च्या आत, काठावरच असेल, तर रिपोर्ट खोटा पॉझिटिव्ह असण्याची शक्यता बरीच असते. दुसऱ्या पद्धतीने खात्री करावी. अंगावर ताजा फोड असताना त्यातला स्राव घेऊन केलेली पीसीआर सर्वांत चांगली. फोड सुकायच्या आत डॉक्टर गाठायला हवा. अमरावतीचे इर्विन किंवा अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय इथे त्वचारोग विभागात जाता येते. लैंगिक आजारांसाठीच्या शासकीय सुरक्षा क्लिनिकच्या पद्धतीत अशा फोडांसाठी असायक्लोव्हिरच्या गोळ्यांचे लाल पाकीट ठरलेले आहे. १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगता विचारता येते.

विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे गप्प पडून राहतो. म्हणून रिपोर्टवरून लागण कधी झाली, कुणाकडून झाली, हे कळत नाही. लग्नाच्या दहाव्या वर्षी उठलेला पहिला फोड बेइमानीचा पुरावा होत नाही.

ज्यांचे स्थळ पाहणे चालू आहे त्यांना मोठी धास्ती सांगण्याची असते. निदान पक्के असेल तर साक्षगंधाआधी, बैठकीत नव्हे, दोघांनीच बोलावे. समोरच्याला विचार करायला तेवढा वेळ मिळणे हा त्याचा हक्क आहे. सांगण्यासारखेही पुष्कळ असते: फोड असताना संबंध टाळणे, एरवी निरोध वापरणे, आणि रोज व्हॅलासायक्लोव्हिर घेतल्यास जोडीदाराला लागण होण्याचा धोका सुमारे निम्म्याने घटतो. फोड नसतानाही विषाणू कधीकधी बाहेर पडतो, हे लपवू नये.

मूल होण्यात हर्पिसची आडकाठी नसते. बाळाला मोठा धोका असतो तो आईला गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत पहिल्यांदा लागण झाली तर. जुनी लागण असलेल्या आईने डॉक्टरांना आधीच सांगावे; कळा सुरू होताना फोड असतील तर सिझेरियन करतात.